आउटबोर्ड इंजिनाचा टिल्ट-ट्रिम सिलिंडर उघडून नवे सील कसे बसवायचे

इंजिन वर उचलून ठेवलं आणि तासाभरात ते आपोआप खाली उतरलं, बटण दाबल्यावर मोटर घुरघुरते पण इंजिन अर्ध्यावरच थांबतं, किंवा ट्रान्समखाली (होडीच्या मागच्या फळीखाली) गुलाबी तेलाचे थेंब पडतात: बटणाने इंजिन वर-खाली करणाऱ्या पॉवर टिल्ट-ट्रिमच्या युनिटची ही नेहमीची दुखणी. नवं युनिट महाग पडतं, म्हणून सील किट आणून सिलिंडर स्वतः उघडायचा विचार येतो. नीट हत्यारं, स्वच्छ टेबल आणि सलग दोन दिवसांची सवड असेल तर हे काम जमतं. फक्त सील बदलणं हा त्यातला सोपा भाग आहे. सील फाटलं कशामुळे, हे शोधल्याशिवाय नवं सील घातलं तर तेही थोड्याच दिवसांत गळतं, कारण त्याला फाडणारा खड्डा सिलिंडरमधून आत-बाहेर सरकणाऱ्या दांड्यावर तसाच असतो.

कोकण किनाऱ्यावर या कामाला पावसाळ्यासारखा दुसरा काळ नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, पर्यटकांच्या बोटीही ओढून घेतलेल्या असतात आणि इंजिन ताब्यात असतं. पार्ट मागवून यायला वेळ लागला तरी धंदा बुडत नाही. हवा मात्र दमट असते, म्हणून उघडलेले भाग रात्रभर उघडे ठेवू नका. तेलाचा हात फिरवून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा.

आत काय चालतं

युनिटमध्ये दोन्ही दिशांनी फिरणारी १२ व्होल्टची डीसी मोटर, तिच्याखाली छोटा गिअर पंप, तेलाची टाकी, काही व्हॉल्व्ह आणि रॅम (तेलाच्या दाबाने दांडा ढकलणारे सिलिंडर) असतात. लहान व मध्यम इंजिनांवर बहुधा एकच रॅम ट्रिम (चालताना इंजिनाचा कोन थोडा बदलणं) आणि टिल्ट (इंजिन पाण्याबाहेर उचलणं) दोन्ही करतो. मोठ्यांवर तीन रॅम दिसतात: बाजूचे दोन आखूड रॅम सुरुवातीचा ट्रिमचा भाग ढकलतात, पुढचा सगळा उचल मधला लांब टिल्ट रॅम करतो.

टिल्ट रॅमला दोन्ही बाजूंनी तेल लागतं. खालून तेल भरलं की दांडा बाहेर येतो, वरून भरलं की आत जातो. वरच्या बाजूचं तेल आणखी एक काम करतं. रिव्हर्स गिअरमध्ये इंजिन वर उसळू नये म्हणून तेच दांड्याला धरून ठेवतं. पिस्टनमध्ये स्प्रिंगने दाबलेल्या बारीक गोळ्या असतात. पाण्याखालच्या खडकाला किंवा तरंगत्या ओंडक्याला इंजिन आदळलं की वरच्या बाजूचा दाब एकदम चढतो, या गोळ्या मागे सरतात, तेल पिस्टनमधून खाली जातं आणि इंजिन वर उडून धक्का झेलतं. पिस्टनच्या खाली आणखी एक सुटा पिस्टन असतो. आदळताना तो जागेवरच राहतो आणि इंजिन परत बसताना त्याच्यावर येऊन टेकतं, त्यामुळे ट्रिम पूर्वी होता तिथंच येतो. हे लक्षात ठेवा. आत दोन पिस्टन आहेत हे माहीत नसलं तर खालचा आतच राहून जातो आणि त्याची ओ-रिंग (सीलचं काम करणारी रबरी कडी) बदलायचीच राहते.

काही इंजिनांवर मोटर नसलेली, गॅसच्या जोरावर उचलायला मदत करणारी टिल्ट नळी असते. तिच्यात मोठ्या दाबाचा गॅस भरलेला असतो आणि अंगावर इशाऱ्याचं लेबल असतं. ती कुठल्याही परिस्थितीत उघडू नका. खाली लिहिलेलं सगळं मोटर-पंपाच्या युनिटबद्दल आहे.

सिलिंडरच दोषी आहे का?

बटण दाबल्यावर मोटरचा आवाजच येत नसेल तर हायड्रॉलिककडे वळू नका. बॅटरी, फ्यूज, रिले आणि वायरींची टोकं पाहा. यामाहासह बऱ्याच इंजिनांत मोटरला निळी आणि हिरवी अशा दोन जाड वायरी जातात. रिलेपासून त्या सोडवून फ्यूज लावलेल्या जंपर वायरीने निळीला बॅटरीचा धन आणि हिरवीला ऋण द्या. इंजिन वर जायला हवं. उलटं जोडलं की खाली. असं थेट जोडून मोटर चालली तर दोष रिले, बटण किंवा वायरीत आहे. मीठ शोषलेल्या वायरीचं तांबं आतून काळं पडतं, बाहेरून ती धडधाकट दिसते.

मोटर फिरते, आवाज हलका आणि मोकळा येतो, इंजिन मात्र हलत नाही? मॅन्युअल व्हॉल्व्ह (दाब हाताने सोडायचा स्क्रू) उघडा राहिला आहे, तेल संपलं आहे किंवा मोटर-पंपामधली जोडणी तुटली आहे. याच क्रमाने तपासा.

तेलाची पातळी इंजिन पूर्ण वर असतानाच बघायची. दांडा बाहेर असला की सिलिंडरमध्ये सर्वांत जास्त तेल मावतं आणि टाकीत सर्वांत कमी उरतं, म्हणून हीच खरी पातळी. इंजिन खाली असताना टाकीचं बूच काढलं तर दाबाखालचं तेल तोंडावर उडतं. इंजिन वर, सपोर्ट लावलेला, मग बूच हळू सैल करा. तेल भोकाच्या कडेला लागलेलं दिसलं पाहिजे. त्याचा रंगही बघा. दुधट गुलाबी म्हणजे पाणी शिरलेलं, आणि ते बहुतेक वेळा दांड्याच्या सीलमधून. काळपट आणि जळकट वासाचं तेल म्हणजे वर्षानुवर्षं बदललेलं नाही. चमकीचे कण दिसले तर पंप झिजतोय, आणि मग एकटा सिलिंडर उघडून भागणार नाही.

बाहेरची गळती शोधायला पूर्ण युनिट रॉकेलने धुऊन फडक्याने कोरडं करा, चार-पाच वेळा वर-खाली चालवा आणि टॉर्च घेऊन बसा. दांडा आणि टोपण (सिलिंडरच्या तोंडावरचं आट्यांचं झाकण, ज्यातून दांडा बाहेर येतो) यांच्यामधून तेल आलं तर दांड्याचं सील गेलंय. टोपण आणि सिलिंडरच्या अंगामधून आलं तर टोपणाची बाहेरची ओ-रिंग. मोटरच्या बुडाशी आलं तर मोटरखालची ओ-रिंग, आणि ती सिलिंडर न उघडता बदलता येते. दांड्यावर तेलाचा अगदी पातळ, बोटाला जेमतेम जाणवणारा पापुद्रा असणं ठीकच आहे.

बाहेर काहीच गळत नाही आणि तरी इंजिन खाली उतरतं, तर लोक लगेच पिस्टनच्या ओ-रिंगवर आळ घेतात. तेल दोन्ही बाजूंना नीट कोंडलेलं असेल तर पिस्टन थोडा गळत असला तरी दांडा फारसा आत जाऊ शकत नाही. दांड्याला आत शिरायला जागा लागते आणि तितकं तेल सिलिंडरच्या बाहेर गेल्याशिवाय ती होत नाही. तेव्हा तेल टाकीकडे पळायची वाट कुठंतरी उघडी आहे, आणि सर्वांत आधी संशय घ्यायचा तो मॅन्युअल व्हॉल्व्हचा. क्लॅम्प ब्रॅकेटच्या (इंजिन ट्रान्समला धरणाऱ्या भागाच्या) बाजूच्या भोकातून दिसणारा, चपट्या पेचकसाने फिरवायचा तो मोठा स्क्रू. तो काढून त्याच्या ओ-रिंगा बघा. चपट्या झालेल्या, चिरलेल्या किंवा खालच्या बसण्याच्या जागेवर वाळूचा कण अडकलेला सापडतो. त्यानंतर चेक व्हॉल्व्ह, म्हणजे तेल एकाच दिशेने जाऊ देणारा. व्हॉल्व्ह काढण्याआधी इंजिनाला वरून भक्कम आधार हवाच, नाहीतर तो सैल होताक्षणी इंजिन खाली येईल. तीन रॅमच्या बऱ्याच युनिटांत ट्रिम रॅमची दांड्याकडची बाजू थेट टाकीशी जोडलेली असते. तिथं ट्रिम पिस्टनची ओ-रिंग गळली की इंजिन खरोखरच खाली येतं. म्हणून तीन रॅमचं युनिट असेल तर ट्रिम रॅमचे सील बदलल्याशिवाय काम पुरं समजू नका.

काय काय लागेल

किट मागवताना इंजिन किती अश्वशक्तीचं आहे एवढं सांगून पुरत नाही. क्लॅम्प ब्रॅकेटवरच्या पट्टीवरचा पूर्ण मॉडेल कोड आणि सिरीयल नंबर द्या, कारण एकाच शक्तीच्या इंजिनावर वेगवेगळ्या वर्षांत वेगळी युनिटं बसलेली आहेत. त्याच मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअलही मिळवा. घट्ट करण्याचे आकडे आणि गोळ्या-स्प्रिंगची रचना त्यात असते. तेल इंजिन कंपनी सांगते तेच: यामाहा डेक्सरॉन-२ दर्जाचं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) सांगते, मर्क्युरी स्वतःचं पॉवर ट्रिम अँड स्टिअरिंग फ्लुइड. एक लिटरचा डबा भरायला आणि हवा काढायला पुरतो. आतून धुवायचं असेल तर आणखी एक घ्या. ब्रेक ऑइल चुकूनही टाकू नका. त्यात नायट्राइल रबर फुगून मऊ पडतं आणि सगळे सील एकदम जातात.

हत्यारांत टोपण फिरवायचा पिन स्पॅनर सर्वांत महत्त्वाचा. टोपणावर दोन किंवा चार आंधळी भोकं असतात. समोरासमोरच्या भोकांचं अंतर आणि व्यास व्हर्नियरने मोजा आणि त्या मापाचा पाना विकत घ्या किंवा टर्नरकडून जाड पट्टीला कडक स्टीलच्या पिना बसवून करून घ्या. पिना भोकात सैल बसता कामा नयेत. याशिवाय सर्कलिप पक्कड, टॉर्क पाना, हीट गन, ॲल्युमिनियमचे जबडे लावलेला व्हाइस, ओ-रिंग काढायला पितळेची किंवा प्लास्टिकची टोकदार काडी, आणि लिंट न सुटणारं कापड. सुती चिंध्या नकोत, त्यांचा एक धागा चेक व्हॉल्व्हखाली गेला की सगळं परत उघडावं लागतं.

इंजिन आधी बांधा

साठ अश्वशक्तीचं फोरस्ट्रोक इंजिन शंभर किलोच्या वर जातं. त्याला वर धरून ठेवणारी वस्तूच आपण काढून घेणार आहोत. ब्रॅकेटवरचा टिल्ट सपोर्टचा दांडका होडी उभी करण्यासाठी असतो, त्याच्या भरवशावर ब्रॅकेटमध्ये हात घालू नका. इंजिन पूर्ण वर घ्या, उचलायच्या कडीला चेन पुली लावून ताण द्या आणि शिवाय स्विव्हल ब्रॅकेटच्या (इंजिनाबरोबर वर उचलल्या जाणाऱ्या भागाच्या) मागे लाकडाचा ठोकळा ठोकून बसवा. दोन वेगळे आधार हवेतच. बॅटरीची ऋण तार काढा. मग मॅन्युअल व्हॉल्व्ह हळू उघडा; तेलातला दाब उतरेल.

याच वेळी, युनिट इंजिनावर असतानाच, टोपण पहिल्यांदा सैल करून घ्या. ब्रॅकेट आणि ट्रान्समएवढा भक्कम व्हाइस टेबलावर कुठला मिळणार? दांडा पूर्ण बाहेर आलेला आणि दाब उतरलेला असला पाहिजे, ही अट.

टोपण हेच या कामातलं सर्वांत अवघड ठिकाण. ॲल्युमिनियमच्या आट्यांत मीठ शिरून पांढरी पूड होते आणि ती फुगून टोपण जखडून टाकते. आदल्या दिवशी आट्यांच्या फटीत आणि भोकांत गंज सोडवणारं तेल सोडा. भोकांत बसलेला कचरा खिळ्याने टोकरून काढा, कारण पिन पूर्ण खोल गेली नाही तर कड फाटते. मग सिलिंडरच्या बाहेरून, टोपणाभोवती, हीट गनने सगळीकडून सारखी ऊब द्या, हात लावता येणार नाही इतकी. गॅसची ज्योत नको. ॲल्युमिनियम तापताना लाल होत नाही, एकदम मऊ पडून खचतं, आणि जवळच पेट्रोलच्या नळ्या असतात. गरम असताना टोपणाच्या कडेवर पितळेच्या तुकड्याने गोल फिरत हलके ठोके द्या. आता पाना लावून आधी किंचित घट्ट करायच्या दिशेला झटका द्या, मग उलट. एका हाताने पाना भोकात दाबून धरा. नाही सुटलं तर थंड होऊ द्या, पुन्हा तेल, पुन्हा ऊब. चार वेळा करावं लागलं तरी करा. छिनी लावून भोकाच्या कडेला हातोडा मारला की कड फाटते, पान्याला पकड उरत नाही, आणि मग ड्रिलने नवी भोकं पाडण्याखेरीज मार्ग राहत नाही.

युनिट खाली उतरवणं त्यामानाने सरळ आहे. वायरी कुठून कशा गेल्यात त्याचे फोटो काढा, त्यांची पट्टी सोडवा. वरच्या डोळ्यातल्या (दांड्याच्या टोकाच्या भोकातल्या) पिनेचा सर्कलिप काढून पिन बाहेर ठोका. खालच्या शाफ्टचे बोल्ट काढा. तीन रॅमच्या युनिटला क्लॅम्प ब्रॅकेटची एक बाजू सैल करून थोडी फाकवावी लागते. डोळ्यांतली नायलॉनची बुशिंगं डावी-उजवी खूण करून ठेवा. युनिट बाहेर आल्यावर, कुठलंही बूच उघडण्याआधी, साबणाच्या पाण्याने घासून धुवा आणि पूर्ण वाळवा. बाहेर चिकटलेली रेती आत गेली तर नव्या सीलचा उपयोग नाही.

उघडताना

टाकीतलं तेल ओतून टाका, जुन्या तेलाच्या डब्यात. खाडीत नाही. गॅरेजवाले जळकं तेल गोळा करणाऱ्यांना देतात, त्यांच्याकडे पोचवा.

टोपण पूर्ण फिरवून दांडा सरळ रेषेत वर ओढा. तिरका ओढला तर पिस्टनची कड सिलिंडरला ओरखडा काढते. दांड्याच्या वरच्या टोकाला डोळा आहे, त्यामुळे टोपण फक्त पिस्टनच्या बाजूने निघतं. म्हणजेच दांड्याचं सील बदलायला पिस्टन सोडवणं भाग आहे. ट्रिम रॅमना डोळा नसतो, त्यांचं टोपण वरूनच सरकून येतं.

डोळ्यात जाडसर गज घालून तो व्हाइसला अडकवा आणि पिस्टनचा नट सोडवा. नटाला थ्रेड लॉक (आट्या सुटू नयेत म्हणून लावायचा गोंद) लावलेलं असतं, ऊब दिल्यावर सुटतं. दांड्याचं गुळगुळीत अंग पाइप पान्याने कधीही धरू नका. पान्याच्या दातांची एक खूण, आणि दांडा भंगारात. नट शेवटच्या दोन वेढ्यांवर आला की सगळं एका खोल ताटात घ्या, कारण आतल्या गोळ्या, पिना आणि स्प्रिंगा मोकळ्या होऊन उडतात. वॉशर उचलताच वरून फोटो काढा, प्रत्येक भोकातला संच वेगवेगळ्या वाटीत ठेवा आणि मोजून लिहून ठेवा. परतीची गोळी (इंजिन परत बसताना तेलाला वाट देणारी) बाकीच्यांहून वेगळ्या जागी, बहुधा वेगळ्या स्प्रिंगसह असते. ती अदलाबदल झाली तर खडकाला आदळल्यावर इंजिन परत जागेवर बसणार नाही.

सुटा पिस्टन अजून सिलिंडरच्या तळाशी आहे. सिलिंडरचं तोंड जाड फडक्याने झाकून लाकडी फळीकडे करा आणि खालच्या तेलाच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा अगदी थोडी थोडी सोडा. फटकन सोडलीत तर तो गोळीसारखा बाहेर येतो. तोंडासमोर हात धरू नका, चष्मा घाला.

दांडा काय सांगतो

आता घाई करू नका. दांडा पुसून सूर्यप्रकाशात धरा आणि नख लांबीच्या दिशेने फिरवा. नख कुठंही अडकलं तर तिथं खड्डा आहे. दांडा क्रोम चढवलेला असेल तर खड्ड्याची कड रेझरसारखी असते आणि प्रत्येक फेरीत सीलचा पातळ तुकडा कापून नेते. टोपणातून काढलेल्या जुन्या सीलची आतली ओठासारखी कड बघा. एकाच जागी उभी चीर असेल तर तिच्या बरोबर समोर दांड्यावर तो खड्डा सापडेल. सारखी झीज, कडकपणा असेल तर सील वयाने गेलंय.

पूर्ण स्टेनलेसच्या दांड्यावर वरवरचे डाग असतील तर २००० नंबरच्या पॉलिश पेपरवर तेल घेऊन परिघाभोवती हलक्या हाताने घासा, लांबीच्या दिशेने नको. क्रोमचा पापुद्रा उडाला असेल तर घासण्यात अर्थ नाही, गंज खालून चालूच राहतो. असा दांडा हार्ड क्रोम करणाऱ्याकडे द्या: जुना थर काढून, ग्राइंड करून, नवा थर चढवून परत मूळ मापाला ग्राइंड करायला सांगा आणि व्हर्नियरने नव्हे, मायक्रोमीटरने माप घेऊन द्या. खर्च विचारा आणि नव्या दांड्याच्या किमतीशी ताडून मगच ठरवा. दांडा काचेवर ठेवून लोटा. उजेड एका बाजूने डोकावला तर तो वाकलाय, आणि वाकलेल्या दांड्यावर कुठलंही सील टिकत नाही.

सिलिंडरचा आतला भाग टॉर्चने बघा. आडव्या पुसट रेषा चालतात. नखाला लागणारी उभी रेघ चालत नाही, तेल तिच्यातून पिस्टनला वळसा घालून जातं. गाडीच्या ब्रेक सिलिंडरसारखा होनिंगचा दगड इथं फिरवू नका, ॲल्युमिनियमवरचा कडक थर निघून जातो. टोपणातले ओ-रिंगचे खाचे नायलॉनच्या ब्रशने पांढरी पूड जाईपर्यंत साफ करा. खाच्यात पूड राहिली तर नवी ओ-रिंग एका जागी वर उचलली जाते आणि टोपण आत जाताना तिथंच कापली जाते.

ओ-रिंगचं माप

मूळ किट मिळालं तर हा भाग सोडून द्या. बाजारातून सुटी ओ-रिंग घ्यायची असेल तर जुनी ओ-रिंग मोजून घेऊ नका. ती फुगलेली नाहीतर चपटी झालेली असते. खाचेची खोली, रुंदी आणि व्यास मोजा. जपानी इंजिनांत बहुधा जपानी मापाच्या ओ-रिंगा येतात, त्यांची जाडी १.९, २.४, ३.५, ५.७ मिमी अशी असते. दुकानात मात्र इंची मापाच्या सहज मिळतात: १.७८, २.६२, ३.५३, ५.३३ मिमी. ३.५ च्या जागी ३.५३ खपून जाते. २.४ च्या जागी २.६२ घातली तर ती जवळजवळ नऊ टक्के जाड आहे. ती खाच्यात कोंबली जाते, टोपण घुसवताना काप घेते आणि सरकत्या जागी असेल तर रॅम जड चालतो. दुकानदार ‘चालतंय’ म्हणेल, तुम्ही व्हर्नियर लावा.

रबर नायट्राइल हवं. सरकत्या आणि जास्त दाबाच्या जागी ९० शोअर कडकपणाचं, स्थिर जागी ७०. ईपीडीएमची ओ-रिंग दिसायला तशीच काळी असते पण तेलात फुगते. सिलिकॉनची लाल ओ-रिंग घासण्याला टिकत नाही.

जोडणी

प्रत्येक भाग ताज्या एटीएफने धुवा आणि ओला असतानाच जोडा. पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर धातूला चालतो, सीलला नाही.

सील कुठल्या बाजूला तोंड करून बसतं हे एकदा समजलं की गोंधळ होत नाही. दाब आतून येतो, म्हणून दांड्याच्या सीलचा उघडा ओठ आतल्या, तेलाच्या बाजूला. धूळ आणि मीठ बाहेरून येतं, म्हणून वायपरचा (दांडा पुसणाऱ्या सर्वांत बाहेरच्या सीलचा) ओठ बाहेर. ओ-रिंगसोबत टेफ्लॉनची बॅकअप रिंग (ओ-रिंगला मागून आधार देणारी कडी) असेल तर ती दाबाच्या विरुद्ध बाजूला. दाबाने ओ-रिंग ज्या फटीकडे ढकलली जाईल ती फट बॅकअपने बंद केली पाहिजे. पिस्टनवरच्या ओ-रिंगला दोन्हीकडून दाब येतो, म्हणून तिला दोन्ही बाजूंना बॅकअप असू शकतात. काढताना जितक्या होत्या तितक्याच घाला.

टेफ्लॉनची पूर्ण गोल रिंग थंड असताना ताणली तर फाटते. गरम पाण्यात काही मिनिटं ठेवा, पटकन चढवा आणि मग पातळ प्लास्टिकच्या पट्टीने गुंडाळून होज क्लिपने हलकी आवळून ठेवा, म्हणजे ती आकसून पिस्टनबरोबर बसते. तशीच सैल असताना सिलिंडरमध्ये घातली तर कड दुमडते.

टोपण दांड्यावर चढवताना दांड्याच्या आट्यांवर प्लास्टिकची पातळ पिशवी किंवा टेपचा एक थर गुंडाळा आणि त्यावर तेल लावा. नवं सील पहिल्यांदा फाटतं ते इथंच, आट्यांच्या धारेवर. सील आट्या ओलांडून गुळगुळीत भागावर आलं की टेप काढा, चिकट राहिलेला गोंद पुसा. गोळ्या, पिना, स्प्रिंगा फोटोप्रमाणे घाला, वॉशर ठेवा. नटाच्या आट्या डिग्रीझरने कोरड्या करून थ्रेड लॉकचा एक थेंब लावा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याइतकाच टॉर्क द्या. हा नट आत सुटला तर दांडा पिस्टनशिवाय बाहेर येतो आणि इंजिन एकदम कोसळतं. इथं अंदाज चालत नाही.

सुटा पिस्टन आधी घाला, तळापर्यंत सरकवा. सिलिंडर उभा धरून त्यात तेल ओता, मग पिस्टन सरळ बसवा, टोपण हाताने फिरवत आणा. पहिले दोन-तीन वेढे बोटांनी सहज गेले पाहिजेत. अडलं तर आटी चुकली आहे, मागे घ्या. टोपणाचं सील ओ-रिंग करते, आट्या नाहीत. गळू नये म्हणून हातोड्याने जास्त आवळायची गरज नाही. टोपणाच्या बाहेरच्या कडेला आणि पान्याच्या भोकांत पाण्यात न विरघळणारं मरीन ग्रीस भरा, म्हणजे पुढच्या वेळी ते सुटेल. तांब्याची पूड असलेलं ग्रीस ॲल्युमिनियमवर नको. खाऱ्या पाण्यात तांबं ॲल्युमिनियमला खातं.

तेल आणि हवा

टेबलावरच युनिट उभं ठेवून टाकी भरा, मॅन्युअल व्हॉल्व्ह बंद करा आणि जंपर वायरींनी मोटर दोन-तीन सेकंदांच्या झटक्यांनी चालवा. टाकी रिकामी होऊ देऊ नका. पंप हवा ओढायला लागला की आधीची सगळी मेहनत वाया. दांडा पूर्ण बाहेर आला की थांबा, पाच मिनिटं फेस बसू द्या, तेल भरा. टाकीचं बूच लावूनच दांडा आत घ्या, पुन्हा बाहेर काढा, थांबा, भरा. चार-पाच फेऱ्यांत आवाज बदलतो: हवा असताना खरखर आणि थरथर, हवा गेली की एकसारखी गुणगुण, आणि टोकाला पोचल्यावर रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारा) उघडताना जड होणारा सूर. मोटर सलग दाबून धरू नका. ती थोडा वेळ चालण्यासाठीच बनवलेली आहे, तापते.

युनिट परत चढवताना नायलॉनची बुशिंगं खूण बघून घाला, पिनांना मरीन ग्रीस लावा, सर्कलिप नवे. वायरी इंजिन पूर्ण खाली आणि पूर्ण वर असताना ताणत किंवा चिमटत नाहीत ना हे हाताने तपासा. मग चेन पुली सैल करा, पण काढू नका. पुली तशीच लावून इंजिन वर-खाली चालवा.

तपासणी अशी: इंजिन पूर्ण वर घ्या, चेन सैल, सपोर्ट न लावता. टोपणापासून डोळ्यापर्यंतचं अंतर मोजून टेपवर लिहा आणि रात्रभर सोडा. खाली कुणी जाणार नाही अशा जागी. तापलेलं तेल थंड होऊन थोडे मिलिमीटर फरक पडतो, तो धरू नका. सकाळी इंजिन स्पष्ट खाली आलं असेल तर हवा राहिली आहे किंवा चेक व्हॉल्व्हखाली कचरा आहे. आधी पुन्हा दोन-तीन फेऱ्या हवा काढून बघा. तरीही उतरलं तर व्हॉल्व्ह काढून धुवा, सिलिंडर उघडू नका. पाण्यात रिव्हर्स देऊन एकदा गॅस वाढवा. इंजिन मागून उसळलं तर मॅन्युअल व्हॉल्व्ह नीट बसलेला नाही.

पहिल्या दहा-पंधरा तासांच्या वापरानंतर तेलाची पातळी आणि रंग पुन्हा बघा. दुधटपणा परत आला तर पाणी आत येण्याची वाट अजून उघडी आहे, आणि मग वायपर नीट दाबून पूर्ण खोल बसला होता का, हे पहिल्यांदा पाहायचं.

दांडा टिकवण्यासाठी

होडी किनाऱ्यावर ओढली असेल तर इंजिन खाली, सरळ उभं ठेवा; दांडा आत, तेलात राहतो. पाण्यात नांगरलेल्या होडीचं इंजिन वर ठेवावं लागतं, तेव्हा दांडा उघडा पडतो आणि त्यावर मीठ वाळतं. दर फेरीनंतर ब्रॅकेटच्या आत गोड्या पाण्याचा पाइप घाला. दांड्यावर बार्नॅकलचे टणक शिंपले चिकटले असतील तर दांडा आत घेण्याआधी लाकडाच्या चपट्या तुकड्याने खरवडा. ते तसेच राहिले आणि बटण दाबलं, तर एका फेरीत वायपर आणि सील दोन्ही जातात. ब्रॅकेटच्या खालच्या बाजूचा ॲनोड (इंजिनाऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा) अर्धा झिजला की बदला, त्यावर रंग मारू नका. होडी बहुतेक वेळ खाडीच्या मचूळ पाण्यात असेल तर जस्ताऐवजी ॲल्युमिनियमचा ॲनोड घ्या, कारण मचूळ पाण्यात जस्तावर थर धरून ते काम करेनासं होतं.